मागच्या बाजूची खोली

खिडकी चार बोटं सरकते, मग अडते.
समोर भिंत.
भिंतीवर एसीचे नऊ डबे, एक गळका पाइप
आणि पाइपाखाली शेवाळाची लांब जीभ.
फोनवर जो तो म्हणतो,
मजा आहे बुवा तुझी, गोव्यात, हॉटेलात!
दिवसाला अडीच हजार, मी म्हणतो,
आणि वास्कोत समुद्र आहे असं ऐकून आहे.

मस्कतला मंडळाच्या नाटकाचे पडदे रंगवायला गेलो होतो.
पंधरा दिवसांचं काम, तीन महिने लागले परतायला,
आणि नाटक झालंच नाही.
महाल, रस्ता, जंगल
तिकडे कुणाच्या गोदामात गुंडाळून उभे आहेत,
त्यांनाही कुणी बाहेर सोडत नसेल.
घर सावंतवाडीला. दोन तासांची वाट.
मध्ये पत्रादेवीचा नाका, नाक्यावर आडवा बांबू.

रंगाचे डबे विमानतळावरच राहिले. पेट घेतील, म्हणाला.
ब्रश मात्र सोडले. ब्रश काय पेटणार.

तीन दिवस मी छत पाहिलं.
छतावर ओलीचा एक डाग होता, आधी म्हातारा दिसायचा,
तिसऱ्या रात्री म्हैस दिसू लागली,
आणि म्हशीला आमच्या थोरल्या मेहुण्याचे डोळे.
तेव्हा घाबरलो.

चौथ्या दिवशी सव्वासहाला
भिंतीपलीकडे रबरी भोंगा वाजला.
पों-पों. थांबून, पों.
पोदेर. पाववाला.
उठून बसलो.

ताटातली सोलकढी प्यालो नाही, ग्लासात झाकून ठेवली,
तो माझा लाल, फिकट, पण लालच.
वरणातली हळद वाटीच्या बुडाला बसते, तो पिवळा.
चहाची पुडी दोनदा बुडवली की माती,
सहादा बुडवली की काळोख.
निळा कुठून आणायचा? शाम्पूचा निळा
कागदावर वाळला की नुसता फेस.
म्हणून माझ्या वास्कोला आभाळ नाही.

कागद म्हणजे लाँड्रीच्या पिशव्या.
शर्ट, पँट, परकर, चादर, नग किती,
त्या छापील यादीवरूनच रस्ता काढला,
रस्त्यावर पोदेर.
भोंगा जाड, म्हणजे माणूस जाड.
दोनदा वाजवून थांबतो, म्हणजे गिऱ्हाईक बांधलेलं, वय पन्नाशी.
घाई नाही, म्हणजे बायको समजूतदार.
मिशा मी माझ्या मनाने दिल्या.

सावियो ताट ठेवून दार ठोकायचा
आणि लिफ्टपाशी पळून तिथून ओरडायचा, आंकल, जेवाण!
एकदा विचारलं, पोदेर कसा रे दिसतो?
कसलो? म्हणाला, आणि लिफ्ट मिटली.
बरं झालं. सांगितलं असतं तर
माझं काम संपलं असतं.

दहा चित्रं झाली. दहाव्यात मिशा पिकल्या.

चौदाव्या दिवशी पांढऱ्या पोशाखातला माणूस
पिवळी पिशवी घेऊन आला. खोलीतलं कागदाचं काहीच
बाहेर जात नाही, म्हणाला.
ही चित्रं आहेत, मी म्हणालो.
हो, म्हणाला, आणि आदबीने, एकेक करून, आत टाकली.
ब्रशांवर औषध फवारून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पास खिशात, बॅग पायाशी,
हॉटेलच्या कोपऱ्यावर गाडीची वाट बघत उभा.
पों-पों. थांबून, पों.

सायकल मोठी, दांड्याची. त्या दांड्याखालून पाय घालून
पॅडल मारणारी मुलगी, सोळा-सतरा वर्षांची,
किडकिडीत. मास्क हनुवटीवर.
भाऊ मडगावात अडकलाय, म्हणाली, म्हणून मी.
मी तिच्या ओठावर बघत राहिलो असणार,
कारण तिने पटकन मास्क वर ओढला.

मागच्या टोपलीवर प्लास्टिक बांधलं होतं.
निळं.
ताडपत्रीचं, उन्हाने विटलेलं,
कडेला उसवलेलं, दवाने ओलं, निळं.

दोन पोई घेतल्या, गरम.
माझ्याकडे पाचशेची नोट, तिच्याकडे सुटे नाहीत.
फाल्यां दी आंकल, म्हणाली.
फाल्यां, म्हणजे उद्या.
उद्या मी इथे नसणार हे सांगायला तोंड उघडलं
तोवर ती वळणावर पोचली होती,
भोंगा वाजवत.